तक्रार क्रमांक १

आमच्या सोसायटीत चोवीस सदनिका आहेत आणि सव्वीस मतं. जास्तीची दोन अध्यक्षांची; एक सभेआधीचं, एक सभेनंतरचं. मी सचिव. कोथरूडमधल्या सहकारी गृहरचना संस्थेचा सचिव व्हायला फार पात्रता लागत नाही. वार्षिक सभेला पाच मिनिटं उशिरा पोचलं की पुरे. तोवर तुमची बिनविरोध निवड झालेली असते.

पूर्वी तक्रार करायची पद्धत सरळ होती. सचिव जिन्यात दिसला की त्याला गाठायचं, शक्यतो त्याच्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना. पिशव्या घेतलेला माणूस पळू शकत नाही. पुढे व्हॉट्सॲपचा ग्रुप आला आणि तक्रारी वाहून जाऊ लागल्या. ४०२च्या न्हाणीघरातलं पाणी ३०२च्या बैठकीच्या खोलीत ठिबकतंय, हा निरोप सकाळी सात दहाला यायचा. सात अकराला त्यावर सूर्यफुलासकट सुप्रभात. सात चौदाला मधुमेहावर मेथ्यांचा उपाय. दुपारी ३०२च्या काकू विचारायच्या, ‘माझ्या पाण्याचं काय झालं?’ आणि कोणीतरी तत्परतेने उत्तर द्यायचं, ‘रात्रभर भिजवून ठेवा.’

माझा भाचा बाणेरच्या एका कंपनीत काम करतो. काय काम करतो, ते त्याच्या आईला अजून कोणाला सांगता आलेलं नाही. स्थळं बघताना ती ‘कॉम्प्युटरवर असतो’ एवढंच सांगते. तो म्हणाला, “मामा, तुला इश्यू ट्रॅकर हवाय. रेडमाइन टाक. फुकट आहे.”

‘फुकट’ ऐकताच खजिनदारांनी अनुमोदन दिलं. काय फुकट आहे, ते त्यांनी नंतर विचारलं.

रेडमाइन हे मुळात सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मंडळींसाठीचं काम. जाँ-फिलिप लांग नावाच्या गृहस्थाने ते २००६ साली रुबी ऑन रेल्सवर उभं केलं. कामं वाटून द्यायची, प्रत्येक कामाला क्रमांक द्यायचा, ते कोणाकडे आहे, किती टक्के झालं, कधी संपणार, हे सगळं ब्राउझरमध्ये सगळ्यांना दिसायचं. ‘सगळ्यांना दिसायचं’ या शब्दांशी अध्यक्ष जरा घुटमळले, पण तोवर ठराव झाला होता.

सर्व्हर म्हणून जिन्याखालच्या कार्यालयातला संगणक घ्यायचं ठरलं. ३०१वाल्यांनी अमेरिकेला मुलाकडे जाताना तो संस्थेला देणगी दिला होता. म्हणजे भंगारवाल्याने आधी पाहिला होता. भाच्याने त्यावर उबुंटू चढवलं आणि म्हणाला, “आता आपण कंटेनरमध्ये टाकू.”

“काय?”

“सगळंच.”

रेडमाइन बसवायचं म्हणजे पूर्वी एक कार्य असायचं म्हणे. रुबी हवी, तीही नेमक्या आवृत्तीची. मग तिच्या लायब्रऱ्या, त्यांना जेम्स म्हणतात. त्यातली एक नवी आणली की दुसरी रुसायची. आचाऱ्याने यावं आणि म्हणावं, पातेलं माझं नाही, शेगडी वेगळी आहे, पाणी बोअरचं आहे, मला नाही जमणार, तसं. भाच्याच्या कंपनीत त्याच्या मशीनवर चालणारं दुसऱ्याच्या मशीनवर चालायचं नाही आणि दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलायचे नाहीत. आता आचारी येताना पातेली, शेगडी, पाणी आणि ओटाही घेऊन येतो. त्याला फक्त जागा द्यायची. हा डबा म्हणजे कंटेनर.

अक्कल मूळची बंदरावरची. माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्याने २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ नावाच्या जुन्या तेलवाहू जहाजावर ५८ पेट्या चढवल्या आणि नेवार्कहून ह्यूस्टनला धाडल्या. पेटीत काय आहे, याच्याशी क्रेनला कर्तव्य नाही. आपल्या न्हावा-शेव्याला १९८९पासून तेच चाललंय. उरणच्या रस्त्यावर ट्रेलरच्या मागे तासभर अडकलेल्या माणसाला कंटेनर म्हणजे काय, ते वेगळं समजावून द्यावं लागत नाही. सॉफ्टवेअरलाही अशाच पेट्यांत भरण्याची सोय मार्च २०१३मध्ये सॉलोमन हाइक्स याने सांता क्लारातल्या पायकॉन परिषदेत पाच मिनिटांच्या भाषणात दाखवली. ते डॉकर. त्याचं चिन्ह म्हणजे पाठीवर डबे रचलेला देवमासा. ‘हा बुडी मारतो तेव्हा डब्यांचं काय होतं?’ अशी शंका मी तेव्हाच काढली होती. इतिवृत्तात ती आलेली नाही.

डब्याला आपण नाव दिलं नाही, तर डॉकर स्वतःच बारसं उरकून घेतं. एक इंग्रजी विशेषण आणि एका थोर शास्त्रज्ञाचं किंवा संगणकवाल्याचं नाव, दोन्ही चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी. या थोरांत आपलीही माणसं आहेत. रामन आहेत, रामानुजन आहेत, भाभा आहेत, आर्यभट, भास्कर आणि साक्षात पाणिनीसुद्धा. माझा चाचणीचा पहिला डबा ‘स्लीपी पाणिनी’ निघाला. ज्याने सूत्रातली अर्धी मात्रा वाचवायला रात्री घालवल्या असतील, त्याला पेंगुळलेला म्हणायचं! सदाशिव पेठेत कळलं असतं तर निषेधसभा झाली असती. नंतर ‘हंग्री भाभा’ आले. एकच जोडी तिथे वर्ज्य आहे, ‘बोअरिंग’ आणि ‘वॉझनियाक’. ॲपलवाला वॉझनियाक कंटाळवाणा नाही, अशी भूमिका घेऊन तेवढी वगळलेली आहे. पाणिनीच्या बाजूने बोलणारं तिथे कोणी नव्हतं.

तर रेडमाइनचा एक डबा. पण रेडमाइन फक्त बोलतं, लक्षात ठेवायचं काम डेटाबेसचं. आमचा पोस्टग्रेस. तो वेगळ्या डब्यात.

“एकाच डब्यात दोघं का नाही?”

“मामा, तू आमटी आणि ताक एका डब्यात नेतोस का?”

मग दोन डब्यांची ओळख करून द्यायला हवी. त्यासाठी ‘लिंक’ नावाची सोय आहे. डॉकरवाल्यांनी स्वतःच ती जुनाट ठरवून, पुढेमागे काढून टाकू, असं बजावलेलं आहे. पण भाच्याला तोंडपाठ तीच होती, आणि तोंडपाठ गोष्टीपुढे कोणाचं बजावणं चालत नाही. लिंक करताना दोन नावं द्यायची. आधी डेटाबेसच्या डब्याचं खरं नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग रेडमाइन त्याला ज्या नावाने हाक मारणार ते नाव. पहिलं नाव भाच्याने टाइप केलं. दुसऱ्याशी आला तेवढ्यात त्याला कंपनीतून फोन आला. “तू घाल काहीतरी,” असं म्हणून तो जिन्यात गेला.

मी ‘वही’ घातलं. रोमन अक्षरांत, चार अक्षरी. तक्रारवही, म्हणून वही. मला ते नाव अजूनही आवडतं.

ही जोडणी एकतर्फी असते, असं भाच्याने परत आल्यावर सांगितलं. रेडमाइनला डेटाबेस ठाऊक. डेटाबेसला रेडमाइनचा पत्ता नसतो. शिवाय एकदा जोडलं की डेटाबेसच्या डब्याला सांगितलेल्या सगळ्या गोष्टी, पासवर्डसकट, रेडमाइनच्या डब्यात जाऊन पडायच्या.

“म्हणजे लग्नच लागलं की,” मी म्हणालो.

भाच्याचं व्हायचंय. त्याला ते कळलं नाही.

एंटर दाबलं आणि रेडमाइन उठलं. नाव ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन, आत प्रवेश. मी पासवर्ड बदलला आणि सूचनाफलकावर पत्ता लावला. तक्रार क्रमांक १ अर्थातच ३०२च्या काकूंची.

आठ दिवसांत त्रेचाळीस तक्रारी आल्या. रेडमाइनमध्ये प्राधान्याच्या पाच पायऱ्या असतात. लो, नॉर्मल, हाय, अर्जंट आणि इमिजिएट. आमच्या सोसायटीत पहिल्या चार कोणी वापरल्याचं आढळलं नाही. ‘पायपुसणं बदलावे’ इमिजिएट. ‘१०३च्या कुकरच्या शिट्ट्या’ इमिजिएट. टक्क्यांच्या रकान्यात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्याने पहिल्याच दिवशी नव्वद भरलं, काम सुरू व्हायच्या आधी. “शेवटचे दहा टक्केच कठीण असतात साहेब,” तो म्हणाला, आणि त्या बाबतीत तो प्रामाणिक आहे. एक तक्रार मी ‘रिजेक्टेड’ केली. पार्किंगमधल्या मांजरीचं नाव बदलण्याबद्दलची होती. त्यावरून दुसरा मजला चार दिवस माझ्याशी बोलत नव्हता, आणि ते चार दिवस फार चांगले गेले.

अडचण एकच होती. पत्त्याच्या शेवटी दोन टिंबं आणि ३००० लिहावं लागायचं. रेडमाइन त्या क्रमांकाच्या दारावर बसतं. ज्येष्ठ मंडळी ते तीन हजार विसरायची. एका आजोबांना तर ती प्रवेश-फी वाटली आणि ते खजिनदारांकडे पावती मागायला गेले. मी भाच्याला फोन केला.

“सोप्पंय,” तो म्हणाला. “चालू डब्याचं दार बदलता येत नाही. तो काढून टाक आणि दुसऱ्या दाराने नवा चढव.”

“काढून टाकू? आणि तक्रारी?”

“मामा, त्या दुसऱ्या डब्यात आहेत. डेटाबेसमध्ये. म्हणून तर दोन केले. बिनधास्त टाक.”

मी बिनधास्त टाकला. डॉकर आरएम. आपण जन्मभर जमवलेलं एवढ्या चटकन आणि एवढ्या शांतपणे काढून टाकणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. आमची कामवाली मावशीसुद्धा निदान विचारते. नवा डबा चढवला, नव्या दाराने आत शिरलो आणि सवयीने आधी जुनाच पासवर्ड घातला गेला. ॲडमिन, ॲडमिन.

चालला.

तो चालायला नको होता. मी तो बदलला होता. पोटात गोळा आला तो तिथे. आतलं पान नव्या कोऱ्या पाटीसारखं. तक्रारी शून्य.

भाचा रात्री आला. त्याने पोस्टग्रेसच्या डब्यात डोकावून पाहिलं. तिथे एकही तक्ता नव्हता. आठ दिवस तो डबा शेजारी नुसता बसून होता, कोणी त्याला काही सांगितलंच नव्हतं. मग भाच्याने सुरुवातीच्या दिवसाचे लॉग उघडले. ते माझ्या खिडकीत वर कुठेतरी शिल्लक होते. तिथे पहिल्याच मिनिटाला रेडमाइनने लिहून ठेवलं होतं की मला ना मायएसक्यूएल दिसतोय, ना पोस्टग्रेस, सबब पर्याय म्हणून एसक्यूलाइट वापरतो. दोन्ही बाजूंना तीन-तीन फुल्या मारून लिहिलं होतं. एसक्यूलाइट म्हणजे स्वतःच्याच डब्यातली एक फाइल. दाराशी उभं राहून खिशातल्या डायरीत टिपून घ्यावं तसं. डायरी खिशात, खिसा सदऱ्याला, आणि सदरा मी नुकताच बोहारणीला दिला होता.

त्याने फसवलं नव्हतं, फुल्या मारून सांगितलं होतं. पण लॉग हा सोसायटीच्या सूचनाफलकाचाच भाऊ. लावणारा लावतो आणि त्याच्याकडे पाठ करून लोक लिफ्टची वाट बघतात.

सकाळी अध्यक्षांनी पान उघडलं. प्रलंबित तक्रारी, शून्य. त्यांनी मला जिन्यात गाठलं. हातात पिशव्या नसतानाही मी पळू शकलो नाही. “आठ दिवसांत त्रेचाळीस निकाली! सचिव, आजवर असं झालं नाही हो!” त्यांनी त्याच दिवशी फलकावर अभिनंदन लावलं. मी काही बोललो नाही. लोकांना तो विनय वाटला.

पण रेडमाइनला पोस्टग्रेस दिसला का नाही, हे कोडं सुटेना. डबा चालू, पासवर्ड बरोबर, लिंक दिलेली. रात्री जेवताना आम्ही दोघं तेच उगाळत होतो. बायको वाढत होती.

“नाव काय ठेवलंत त्याचं?” तिने विचारलं.

“वही.”

“आणि त्या रेडमाइनला कुठलं नाव सांगितलं होतं?”

“अगं, नावाचा काय संबंध? लिंक दिली की...”

“माझं नाव बदललंत ना लग्नात?” ती म्हणाली. “ताटभर तांदळात अंगठीने लिहिलंत. सुंदर अक्षर होतं, सगळ्यांनी वाकून पाहिलं. पुढे सहा महिने सासूबाई त्या नावाने स्वयंपाकघरातून हाका मारायच्या आणि मी माजघरात भाजी निवडत बसायची. त्यांना वाटायचं, पोरीला कमी ऐकू येतं. मला वाटायचं, कोणी पाहुणी आली असेल.”

भाच्याचा घास हातातच राहिला. उष्ट्या हातानेच त्याने कोपराने लॅपटॉप उघडला आणि रेडमाइनच्या डब्यातली सुरुवातीची स्क्रिप्ट काढली. लिंक केली की तेव्हा हाकेच्या नावावरून डब्यात चिठ्ठ्या पडायच्या. ती स्क्रिप्ट उठल्या-उठल्या चिठ्ठी शोधते, आणि तिला दोनच नावं ठाऊक आहेत, ‘मायएसक्यूएल’ आणि ‘पोस्टग्रेस’. आमच्या चिठ्ठीवर ‘वही’ होतं. ते घर दारातून ‘पोस्टग्रेस, अगं पोस्टग्रेस’ करत राहिलं आणि आमची वही आपली भाजी निवडत बसली.

“मामी, तू आमच्या कंपनीत येतेस का?” भाचा म्हणाला.

“आधी हात धू,” मामी म्हणाली.

मग लिंक सोडून दिली. नव्या रीतीत एकच कागद करायचा, त्याला कंपोज फाइल म्हणतात. त्यात घरातल्या सगळ्यांची नावं, कोण कुठल्या दाराने ये-जा करतो, कोणाचं सामान कुठल्या कोठीत, सगळं लिहायचं. सगळे एकाच अंगणात राहतात आणि लिहिलेल्या नावानेच एकमेकांना हाक मारतात. हा कागद यॅमल नावाच्या लिपीत असतो आणि त्यात समासाला अर्थ असतो. दोन जागा सोडल्या तर मुलगा, चार सोडल्या तर नातू. टॅब दाबला की सगळं घराणं बाद. माझ्या शाळेतले मराठीचे मास्तर समासासाठी पट्टी मारायचे. ते आज असते तर त्यांना दोन लाख पगार असता.

तरीही पहिल्या दिवशी रेडमाइन उठेना. कागदात स्पष्ट लिहिलं होतं की हा त्याच्यावर अवलंबून आहे, आधी डेटाबेस, मग रेडमाइन. डेटाबेस आधी सुरूही होत होता. पण डॉकर तेवढंच बघतं, सुरू झाला का. तयार झाला का, हे विचारत नाही. पुण्यात ‘निघालोच’ म्हणणारा माणूस त्या क्षणी टॉवेल शोधत असतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही भानगड लगेच कळेल. पोस्टग्रेसने ‘निघालो’ म्हटलं, रेडमाइन लगबगीने दाराशी पोचलं, दार बंद, आणि ते तिथेच मूर्च्छा येऊन पडलं. उपाय म्हणून डेटाबेसच्या मागे एक तपासणी लावून दिली. दर दहा सेकंदांनी ती विचारते, ‘आवरलं का?’ होकार आल्याशिवाय रेडमाइनला उठवायचंच नाही. आमच्या घरी लग्नाला निघताना हे काम मी करतो, आणि कोणी मला त्याचं श्रेय देत नाही.

सामानासाठी वेगळी कोठी केली. व्हॉल्यूम म्हणतात तिला. डबा फेकला तरी कोठीतलं राहतं. रोज रात्री दोन वाजता तिची नक्कल पेनड्राइव्हवर पडते. पेनड्राइव्ह खजिनदारांच्या कपाटात, कपाटाची किल्ली अध्यक्षांकडे, आणि अध्यक्ष सध्या काशीयात्रेला.

शनिवारी रात्री अकराच्या सुमारास सगळं जागेवर बसलं. मी डबा मुद्दाम काढून टाकून पुन्हा चढवून पाहिला. आतला मजकूर हलला नाही. भाच्याने नवे सभासद मंजूर करायला घेतले, मी फलकावरचं अभिनंदन काढून त्या जागी सूचना लावली. ‘तांत्रिक कारणास्तव सर्वांनी आपल्या तक्रारी पुन्हा नोंदवाव्यात.’ त्रेचाळीसपैकी एकोणीस परत आल्या. बाकीच्या चोवीस जणांना आपली तक्रार काय होती, ते आठवेना.

यावेळी मात्र तक्रार क्रमांक १ ३०२च्या काकूंची नव्हती. रात्री अकरा बावीसला नोंदलेली, नाव अनोळखी बाईचं, आडनाव आमच्या चोवीस सदनिकांत कोणाचंच नाही. भाडेकरू असेल म्हणून पोलीस पडताळणीची फाइल काढली, पार्किंगची यादी पाहिली, सभासदांचं रजिस्टर पहिल्या पानापासून चाळलं. दोन दिवस गेले. भाच्याला विचारलं तर म्हणाला, “मी मंजूर केलंय, बरोबर आहे ते.” विषय होता, ‘न्हाणीघरातला गीझर गेले पाच आठवडे बंद आहे. संबंधित व्यक्ती रोज रात्री जिन्याखाली असते.’ प्राधान्य इमिजिएट. काम सोपवलेलं, सचिव. झालेलं काम, शून्य टक्के.

फाइल हातात घेऊनच मी घरात आलो आणि मोठ्याने ते नाव वाचून बायकोला विचारलं, “अगं, ही कोण बाई? कितव्या मजल्यावर राहते?”

ती गवार निवडत होती. तिने मान वर केली नाही.